डावीकडे हळू, उजवीकडे जलद

रत्नागिरीत एकोणीसशे साठनंतर माझा भोंगा वाजला नाही असं एकही कार्य झालेलं नाही, असं मी म्हणतो. माझी बायको म्हणते, बढाया मारायला ह्यांना वीज लागत नाही. तिचं सोडा. लग्न, गणपती, उरूस, निवडणुका, सगळीकडे आप्पा लाउडस्पीकरवाला असायचाच. दोन कर्णे, एक ॲम्प्लिफायर, एक माईक, गाडीची बारा व्होल्टची बॅटरी आणि वायरींची भेंडोळी हे माझं विंचवाचं बिऱ्हाड, आणि दर पंचवीस डिसेंबरला दुपारी ते चर्चमागच्या अंगणात उतरायचं.

आमच्याकडे ख्रिस्ती घरं मोजून वीस-पंचवीस. पण नाताळच्या नाचाला संगमेश्वर-चिपळूणकडून एसटीनं पाहुणे यायचे आणि चिऱ्याच्या फरशीचं ते अंगण भरून जायचं. चारला नाच सुरू, आठला बंद. त्याचा एक नियम होता. पहिला नाच सगळ्यांत जुन्या लग्नाच्या जोडप्याचा. ती दोघंच आधी अंगणात एक फेरा घ्यायची, आणि मग बाकीची मंडळी उतरायची. शहाऐंशीच्या आधीची नऊ वर्षं हा मान पेद्रू मेस्त्री आणि त्यांच्या बायकोचा होता.

आणि वाजवायला कोण, तर इनास.

इनास टेलर, रामआळीतला. पायमशीन, भिंतीवर खुंटी, खुंटीला व्हायोलिन. गिऱ्हाईक नसलं की काढायचा आणि वाजवायचा. मी पहिल्यांदा नाताळचे कर्णे बांधले तेव्हा माईकसमोर तोच होता आणि पुढची पंचवीस वर्षंही तोच. पोटापुरतं शिवणं आणि मनापुरतं वाजवणं, एवढंच त्याला माहीत. माझं डोकं तापायला विस्तव लागत नाही, आणि त्याला रागवायला काय लागतं ते मला कधी सापडलं नाही. म्हणून आमचं जमलं असावं.

एकदा मी त्याला विचारलं, "एवढी माणसं समोर, आणि तुझी मान सारखी खाली का? लाजतोस?"

"पाय बगतो रे," तो म्हणाला. "वाजवणाऱ्यानं तोंड बगू नये. तोंड लबाड असतं, दमलं तरी हसतं. पाय दमले की लगेच सांगतात. मंग वायच हळू करायचं. बाही जोडताना काखेच्या वळणावर मशीन हळू मारतो की नाय, तसंच."

त्याची बायको रोझिनवहिनी. अंगणाच्या कडेला फणसाखाली एक बाक होता, त्यावर ती बसायची आणि मांडीवर व्हायोलिनचा रिकामा काळा डबा धरायची. सबंध नाचभर. मी माईक तपासायला तिकडून गेलो की मला नेवरी, म्हणजे आपली करंजी, द्यायची आणि हसत म्हणायची, "बगा आप्पाभावजी, माजा घोव सगळ्या गावाला नाचवतो. मी आपली डबा सांभाळते." मी नेवरी खायचो आणि पुढे जायचो. चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवर ती घसरली आणि उजवा गुडघा कायमचा दुखरा झाला. तरी बाकावर बसून तिचा डावा पाय ताल धरायचाच. पोरांनी "मामा, डिस्को" असा गलका केला की तिचाही आवाज त्यात असायचा. मग इनास बिचारा व्हायोलिनवर डिस्को वाजवायचा. सोलकढीत केक बुडवून खाल्ल्यासारखा तो प्रकार असे, पण तो वाजवायचा.

शहाऐंशी साली डिसेंबरच्या सुरुवातीला मी त्याच्या दुकानात विजार आणायला गेलो. आत रशीद बसला होता. हा मिरकरवाड्याचा पोरगा, सहा वर्षं कुवेतला नोकरी करून दोन महिन्यांच्या सुटीवर आलेला. कापायच्या टेबलावर, जिथं माझी विजार असायला हवी होती तिथं, पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचं एक लांबट यंत्र पडलं होतं.

"ही काय पेटी?" मी विचारलं.

"जपानी पेटी, आप्पा," रशीद म्हणाला आणि त्यानं एक बटण दाबलं. आतून ढोल सुरू झाला. ढोल, झांजा, आणखी काय काय, आणि सगळं कुणीही हात न लावता. त्यावर रशीदनं नाताळच्या एका जुन्या चालीचे सूर धरले. जी चाल इनासच्या व्हायोलिनवर ऐकताना माझ्यासारख्या हिंदू माणसालाही हात जोडावेसे वाटत, ती आता धडाम-धडाम करत रामआळीतून निघाली. समोरच्या किराणावाल्यानं मान बाहेर काढली.

"कुवेतला खोलीत गोव्याचा माणूस हाय, त्येनं शिकवलं," रशीद म्हणाला. "ठेका पेटीच धरते. आन् ह्यो खटका बघा. डावीकडं सरकवला का हळू, उजवीकडं सरकवला का जलद."

"बैलाला कळतं तेवढं मलाही कळतं," मी म्हटलं.

इनास सुईत दोरा ओवत होता. वर न बघता म्हणाला, "यंदा नाताळाला हेच वाजणार, आप्पा. रशीद वाजवील."

"आणि तुझं व्हायोलिन?"

"खुंटीला ऱ्हाईल."

दोरा काही सुईत जाईना. मी त्याच्याकडे बघितलं, रशीदकडे बघितलं, आणि विजार तशीच टाकून बाहेर पडलो.

पुढचे तीन आठवडे मी बायकोचं डोकं खाल्लं. काल आलेल्या पोरानं आज पेटी आणावी आणि पंचवीस वर्षांच्या माणसाला खुंटीला टांगावं. इनास भिडस्त, कुणाला नाही म्हणणार नाही, तोंडातून शब्द काढणार नाही, आणि आत झुरून मरेल. श्रावणात पेद्रू मेस्त्री गेले, मी खांदा दिला होता. जुनं एकेक चाललंय, असं मला वाटत होतं. बायको म्हणाली, "तुम्ही इनासभावजींना सरळ विचारलंत का?" मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, मला दिसत नाही का? ती म्हणाली, तुम्हाला काय दिसतं ते आम्हाला चांगलं माहीत आहे.

मी ठरवलं. नाताळला व्हायोलिनच वाजणार, आणि तेही असं की कुणी माझ्याकडे बोट दाखवू नये.

बेत साधा होता. जपानी पेटीला भिंतीतली वीज लागते. तिच्या पोटात सेलही बसतात, पण रशीदनं ते घातले नव्हते, मी झाकण उघडून बघून घेतलं. माझा ॲम्प्लिफायर मात्र त्या दिवशी मी बॅटरीवर लावला. कुणी विचारलंच तर, लाइटचा काय भरवसा. मीटरचा बोर्ड मागच्या पडवीत, पाण्याच्या पिंपाच्या वर. पहिला नाच सुरू झाला की जायचं, चिनी मातीचा तो फ्यूज उपसायचा आणि खिशात टाकायचा. रत्नागिरीत लाइट गेली म्हणून कुणी भुवईसुद्धा उचलत नाही. पेटी मुकी होणार, माईक चालू राहणार, आणि समोर इनास.

राहिलं व्हायोलिन. ते मी सकाळीच त्याच्या दुकानातून आणलं. दुकानाची किल्ली शेजारच्या पानवाल्याकडे असते हे मला ठाऊक होतं. "इनासनं मागवलंय," असं म्हणालो. डबा घरी होता, म्हणून चादरीत गुंडाळून पिंपामागे ठेवलं. चोरी म्हणा हवं तर. माझ्या मते ती मैत्री होती.

चार वाजले. उन्हं फणसावरून उतरत होती, कागदी चांदण्या लावल्या होत्या, दिव्यांच्या माळा दिवसाच लुकलुकत होत्या. इनास आला. करड्या कोटात, स्वतः शिवलेल्या, मोकळ्या हातांनी. मला ते मोकळे हात बघवेनात. मागून रोझिनवहिनी आली, निळ्या साडीत, हळूहळू लंगडत, आणि आपल्या बाकावर बसली. मांडीवर डबा नव्हता. हात कुठे ठेवावेत ते तिला समजत नव्हतं, मग तिनं पदराचं टोक धरलं.

रशीदनं बटण दाबलं. माझ्या कर्ण्यांतून डिस्कोचा ठेका बाहेर पडला तशी पोरं ओरडली. कुणीतरी माईकवरून पहिल्या नाचाचं काहीतरी पुकारत होतं. मी ऐकायला थांबलो नाही. पडवीत गेलो, पिंपाच्या कडेला पाय दिला आणि फ्यूज उपसला.

धडाम-धडाम थांबलं. "लाइट गेली," असं दोघंतिघं सवयीनं म्हणाले. मी चादर सोडली, व्हायोलिन घेतलं आणि लग्नात आहेर घेऊन निघावं तशा थाटात पुढे आलो.

अंगण मोकळं होतं. सगळे कडेला उभे होते. मधोमध इनास आणि रोझिनवहिनी होती. त्याचा एक हात तिच्या कमरेमागे, दुसऱ्या हातात तिचा हात. पाऊल पडायचंच बाकी होतं, तेवढ्यात मी त्यांना गाठलं होतं.

मला तरीही समजलं नाही. समजायला वेळ लागतो काही माणसांना. मी व्हायोलिन पुढे केलं आणि म्हटलं, "वाजव इनास. तुझी जागा तुझीच आहे."

कडेचे लोक टाळ्या वाजवायला लागले. "मामा, वाजवा आता, लाइट काय लवकर येत नाय." इनास व्हायोलिनकडे बघत राहिला. मग रोझिनवहिनीकडे. शंभर माणसं थांबलेली, आणि तो कुणाला नाही म्हणणारा नव्हे. तीच म्हणाली, "वाजवा. लोकं खोळंबलीत." तिनं त्याचा हात सोडला, साडी सावरली आणि लंगडत बाकाकडे गेली. बसली, आणि सवयीनं दोन्ही हात डब्यासाठी पुढे केले. डबा नव्हताच. मग ते हात तिनं तसेच मांडीवर ठेवले.

इनासनं व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि तो तारा जुळवू लागला. मी पेटीजवळ जाऊन उभा राहिलो. रशीद हळूच म्हणाला, "लाइटला पण आजचाच मुहूर्त गावला, आप्पा. मामांनी एवडी खटपट केली."

"कसली खटपट?"

"ही पेटी त्येंचीच हाय. पेद्रू मेस्त्री गेले तवा मामांचा कागद आला कुवेतला. लिवलं व्हतं, यंदा सगळ्यांत जुनं लगीन आमचं. पयला नाच आमचा. पन मी नाचलो तर वाजवायचं कुनी? चौतीस वर्सांत रोझिनसंगं येकदा पन नाचलो नाय. आपोआप वाजनारं कायतरी घेऊन ये." रशीदनं मान हलवली. "मामीला सांगायचं नव्हतं, गुडग्याचं निमित्त करून नाय म्हनली असती. आन् तुमाला तर बिलकूल नाय. म्हनाले, आप्पाच्या पोटात गेलं का भोंग्यावर येतं."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. खिशातला फ्यूज मांडीला टोचत होता. पेद्रू मेस्त्रींना मी स्वतः खांदा दिला होता. त्यांच्यामागे मान कुणाकडे जातो हे एवढंसं गणित, पण ते माझ्या डोक्यात आलं नाही, कारण इनासला मी कधी कुणाचा नवरा म्हणून बघितलंच नव्हतं. तो वाजवणारा. वाजवणाऱ्याच्या बायकोनं बाकावर बसायचं असतं. पंचवीस वर्षं मी त्या बाईच्या हातची नेवरी खात होतो आणि ती हसत हसत काय सांगते आहे ते मी ऐकलं नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

मी पडवीकडे धावलो. फ्यूज खोचला, दिव्यांच्या माळा लागल्या, "आली, आली" असा ओरडा झाला. गुपचूप राहिलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. पण इनास तारा जुळवून वाजवायला लागला होता, आणि एकदा सुरू केलेलं तो अर्धवट सोडत नाही, हे मला माहीत होतं. मी गेलो आणि त्याच्या समोरचा माईक ओढून घेतला.

"लाइट गेली नव्हती," मी म्हटलं. "फ्यूज मी काढला होता. इनास, ते खाली ठेव. वहिनी, उठा."

दोन्ही कर्ण्यांतून ते पार रामआळीपर्यंत गेलं असेल. पोटातलं भोंग्यावर आलंच शेवटी. अंगणात असा हशा उसळला की मला पिंपामागे जाऊन बसावंसं वाटलं.

इनासनं मला आपादमस्तक बघितलं. त्याला रागवायला काय लागतं ते आता सापडलं असं मला वाटलं. पण त्यानं व्हायोलिन माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "धर आता. आन् पाडू नको." मग तो फणसाखाली गेला.

रोझिनवहिनी मान हलवत होती. "नको हो. गुडगा ऐकायचा नाय. लोकं हसतील."

"लोकं आप्पाला हसतायत," इनास म्हणाला. "तेवड्यात उरकून घेऊ."

ती हसली आणि उठली.

मी पेटीशेजारी स्टुलावर बसलो. मांडीवर व्हायोलिन, दोन्ही हातांनी धरलेलं. रशीदनं बटण दाबलं. डिस्को सुरू झालं आणि इनासनं पहिलं पाऊल टाकलं, तिनंही टाकलं. दुसऱ्या पावलाला तिचा उजवा गुडघा अडकला. ती अडखळली, इनासनं सावरलं. त्यानं मान वळवून रशीदकडे बघितलं. पण रशीद नवशिका, त्याचे दोन्ही हात पट्ट्यांवर आणि डोळेही पट्ट्यांवर. पेटीला तर डोळेच नव्हते. ठेका तसाच धावत होता आणि ती दोघं त्याच्या मागे राहत होती. रोझिनवहिनीचं तोंड हसत होतं. मी तिच्या पायांकडे बघितलं. पाय सांगत होते की आता ती थांबणार.

मी खटक्यावर बोट ठेवलं आणि डावीकडे सरकवला.

ठेका मंदावला. रशीद दचकला, पण सूर त्यानं सोडले नाहीत. आणखी थोडं डावीकडे. डावा पाय सरळ पडत होता, उजवा ओढत येत होता, आणि त्या ओढण्याला जेवढा वेळ लागतो तेवढा मी पेटीला थांबायला लावत होतो. बाहीच्या वळणावर मशीन हळू मारतात तसं. इतकं हळू डिस्को कुवेतात नाही, मुंबईत नाही, जगात कुठे वाजलं नसेल. बैलगाडीसुद्धा पुढे गेली असती. पण तिचं पाऊल आता बरोबर ठेक्यावर पडत होतं, एक चुकत नव्हतं. मी वर बघितलंच नाही, त्यामुळे इनासचं तोंड कसं होतं ते मला सांगता येणार नाही. रशीद पुढे म्हणाला की मामा रडत होते. असतील.

फेरा पुरा झाला. नियमाप्रमाणे आता बाकीच्यांनी उतरायचं, आणि ते उतरले. कॉलेजातली पोरं, जी एरवी खांदे उडवत नाचायची, तीही त्याच संथ ठेक्यावर पावलं टाकू लागली. कुणी म्हणालं नाही की जलद करा. फणसाखालचा बाक रिकामा होता.

गाणं संपलं. रशीदनं हात उचलले, बोटं मोडली. मला वाटलं आता वहिनी दमली असेल, बसेल. तर ती इनासचा दंड धरून एकेक पाऊल टाकत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. धापा टाकत होती. माझ्या मांडीवरच्या व्हायोलिनकडे तिनं बघितलं, दोन्ही हातांनी मी ते कसं धरलंय ते बघितलं, आणि ओठ दाबून हसली.

"सांभाळायला जड वाटतं का हो?" तिनं विचारलं.

"वाटतं, वहिनी," मी म्हटलं.

"वाटायचंच. अजून येकदा लावा, आप्पाभावजी." तिनं इनासचा हात पुन्हा हातात घेतला. "आन् आता वायच जलद. मी काय म्हातारी नाय."

मी खटका उजवीकडे सरकवला. अगदी एक रेघ.